दुपारी कोण येतं

प्रिय मास्तरीणबाई,

हे नाव दादाने ठेवलेलं, म्हणून तेच लिहिलं. तुझ्या खऱ्या नावाने हाक मारायचा हक्क माझ्याकडे उरलाय की नाही, कोण जाणे. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून मिळवला. देताना तिने दम भरला, भांडायला लिहिणार असशील तर मी पत्ता दिलाच नाही असं समज. मी म्हटलं, भांडायला नाही. मग कशाला, असं तिने विचारलं आणि मी पिनकोड विचारला. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माझा आवाज कधी चढतो ते मला कळत नाही, तुला मात्र चांगलं कळतं. कागदावर निदान खोडता येतं. खाडाखोड दिसली तर तिथे मी भडकलो होतो असं समज आणि पुढे वाच.

दादा बरा आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्र संपेपर्यंत तुझा जीव टांगणीला. मध्ये पाठीला लाल चट्टा उठला होता, पण मी त्याची जखम होऊ दिली नाही. तू दाखवलं होतंस तसं, गुडघ्यांमध्ये उशी घालून, या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहिलो. डाव्या हाताची दोन बोटं आता ऐकायला लागलीत. तू आणलेल्या डब्यातला मोठा नट तो बोल्टवर चढवतो, आणि चढला की तुझा आवाज काढून स्वतःलाच म्हणतो, 'चला, अजून एकदा, टंगळमंगळ नको.' ज्या माणसाने एकट्याने बारा मजल्यांची लिफ्ट उघडून पुन्हा जोडली, त्याला एका नटाचं एवढं अप्रूप. तो हसतो म्हणून मीही हसतो.

बरा नाही तो मीच. माझा भत्ता बंद झालाय. दादाचा अपंगत्वाचा चालू आहे, माझा बंद केला, सांभाळणाऱ्याचा. दादा लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि मी कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो, तेव्हापासून आम्ही दोघं त्या दोन भत्त्यांवर उभे आहोत, हे तुला ठाऊकच आहे. त्यातला एक पाय काढून घेतला. मी फेरविचाराचा अर्ज केला, तो फेटाळला. आता अपील केलंय आणि येत्या बुधवारी सुनावणी आहे. तिथेही नाही म्हणाले तर मला गोदामातली नोकरी धरावी लागेल, सकाळी जायचं ते अंधार पडल्यावर यायचं. आणि तेवढा वेळ दादाला एकटं ठेवता येत नाही. पाय ताठ होऊन झटके यायला लागले की तो खुर्चीतून घसरतो, लघवीची पिशवी भरली तर त्याला स्वतःला ती रिकामी करता येत नाही. म्हणजे मग दादा अपंगांच्या संस्थेत.

संस्था आम्ही बघून आलो. तुला वाटेल मी तिथे कुणाशी तरी भांडलो असेन. नाही भांडलो. भांडायला काही नव्हतंच. फरशी स्वच्छ, चादरी स्वच्छ, फिनेलचा वास. एका लांबट खोलीत खुर्च्या ओळीने मांडलेल्या, त्यांवर माणसं बसलेली, समोर टीव्ही, त्याचा आवाज बंद. कोणी आवाज वाढवा म्हणत नव्हतं. दादाने त्याच्या खाटेची जागा बघितली, खिडकीतून बाहेर बघितलं, बाहेर भिंत होती. म्हणाला, 'भिंत मजबूत दिसते.' परत येताना सगळा रस्ता तो त्यांच्या लिफ्टबद्दल बोलत होता, दरवाजा कसा घासतो, तेल कुठे घालायला हवं. घरी येऊन मी त्याला फळीवरून खाटेवर सरकवत होतो, तेव्हा त्याने माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, 'पकड तपासतोय.'

आता भत्ता का बंद झाला ते. इथे मी जरा आडून आडून येणार आहे, सहन कर. दर वर्षी भत्त्याचा तो फॉर्म यायचा आणि आपण तिघं मिळून भरायचो, आठवतं ना? मदतीशिवाय पायऱ्या चढता येतात का, या प्रश्नापुढे दादा लिहायला सांगायचा, 'येतात, लिफ्ट चालू असल्यास.' तू पेन रोखून त्याला म्हणायचीस, असली थट्टा त्यांना कळत नाही, गपचूप 'नाही' लिहा. तू होतीस म्हणून आमचे फॉर्म शहाण्यासारखे गेले. या वर्षी नुसता फॉर्म नाही आला, फेरतपासणीच्या बाईही आल्या. वाईट नव्हत्या. चपला बाहेर काढल्या, दादाला अहो-जाहो केलं, औषधं बघितली, मी त्याला खुर्चीत कसा उचलून ठेवतो ते बघितलं. 'कंबर सांभाळा हं तुमची,' असंही म्हणाल्या. माझ्या कंबरेची चौकशी त्या दिवसापर्यंत कोणी केली नव्हती. मग त्यांनी काही साधे प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, दादा मध्येच खोकला, बाईंनी त्याला पाणी दिलं आणि त्या गेल्या. काही दिवसांनी निकालाचं पत्र आलं, की देखभालीचा मोठा भाग दुसरी व्यक्ती नियमितपणे उचलते, सबब अर्जदार हा मुख्य सांभाळणारा ठरत नाही.

ते वाचून माझं डोकं फिरलं. कचेरीत गेलो, खिडकीच्या काचेवर हात आपटला. काच जाड होती, हातच सुजला. पहारेकऱ्याने मला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, 'बस इथे, थंड हो, रोज एक तरी येतोच तुझ्यासारखा.' तिथेच बाकावर बसून मी फेरविचाराचा अर्ज लिहिला. मस्त लिहिला, असं तेव्हा वाटलं. तुमच्यापैकी कोणी एक दिवस येऊन हे करून दाखवा, असं लिहिलं. माणसाला उचलताना त्याची लाज कशी सांभाळायची ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं, असंही लिहिलं. ती कागदपत्रं घेऊन मी नंतर फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात गेलो. तिथे एक वयस्क बाई बसतात. मी त्यांना लाडीगोडीने मावशी म्हटलं, तर म्हणाल्या, 'मावशी म्हटल्याने कागद कमी लागत नाहीत.' त्यांनी माझा सगळा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'चार पानं भरलीस बाबा, आणि लिहायचं ते वाक्य एकाही पानावर नाही. दुपारी दुसरं कोणी येत नाही, एवढंच लिहायचं होतं. का नाही लिहिलंस?'

का नाही लिहिलं, ते तुलाच सांगता येईल. त्यांना नाही सांगता आलं.

शेवटची आलीस त्या दिवशी तू माझ्यासाठी कॉलेजात पुन्हा प्रवेश घ्यायचा अर्ज घेऊन आली होतीस. माझी सगळी माहिती तुझ्या अक्षरात भरून. सही तेवढी माझी हवी होती. मी तो फाडला. माझी कीव करायला येत असशील तर येऊ नकोस, असं म्हणालो. खरं तर मला भीती वाटली होती. मी वर्गात जाऊन बसलो तर दुपारी दादापाशी तू, संध्याकाळी मी, असा हिशेब तू मनाशी केला होतास, आणि तो मला इतका आवडला की सहन झाला नाही. तू चपला घालताना वळून दादाला म्हणालीस, 'उद्या उजव्या हाताने करायचं.' मला नाही सांगितलंस, त्याला सांगितलंस. पण उद्या म्हणालीस. त्या एका उद्यावर मी इतके दिवस काढले. दुपार झाली की दाराची कडी काढून ठेवायचो. दादाने ते बघितलं. फक्त एकदा वारा येतो म्हणून तक्रार केली.

तर फेरतपासणीच्या बाईंचा प्रश्न असा होता, तुमच्याखेरीज यांची देखभाल आणखी कोणी करतं का. हो किंवा नाही. मी म्हणालो, हो. ती येते. रोज दुपारी येते. आणि मग सुटलोच. ती बोटांचे व्यायाम घेते, ती भरवते, ती असते म्हणून मला दुपारी बाहेर पडता येतं, ती दादाला दटावते आणि दादा तिचं ऐकतो, माझं ऐकत नाही. सगळं खरं होतं, फक्त आत्ताचं नव्हतं. तू जाऊन तोवर उन्हाळा सरला होता. मला थांबता येईना. कोणीतरी तुझ्याबद्दल लक्ष देऊन ऐकत होतं, मान डोलवत होतं, तुझ्याबद्दलचा शब्द न् शब्द लिहून घेत होतं. तेवढा वेळ तू येत होतीस. दादाचा तो खोकला त्याच वेळचा. बाई गेल्यावर म्हणाला, 'काय रे शहाण्या, रोज येते तर मला कशी दिसत नाही? माझे पाय गेलेत, डोळे आहेत.' मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास. म्हणाला, 'किती दिवसांनी तू धड माणसासारखा बोलत होतास. मध्ये कुठे तोडू.'

आता माझंच बोलणं माझ्याविरुद्ध पुरावा झालंय. मी आता उलटं सांगितलं तर भत्त्यासाठी शब्द फिरवला असं म्हणतील, आणि सल्लाकेंद्रातल्या बाई म्हणतात की त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं. दुसरा कोणी बघणारा नाही. शेजारी दिवसभर कामावर. त्यामुळे हे एकच माणूस सांगू शकतं, तू. या पत्रासोबत एक कोरा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. त्यावर तुझ्या हाताने लिही, की मी त्या घरी देखभालीला येत नाही, अमुक महिन्यापासून येत नाही, आणि पुढे येण्याचं काही ठरलेलं नाही. खाली सही कर. 'सध्या येत नाही' असं लिहू नकोस. मी सल्लाकेंद्रातल्या बाईंना विचारलं होतं, 'सध्या' चालेल का. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाल्या, नाही चालणार. माझ्यावर राग असेल तर तो वेगळ्या कागदावर लिही, तोही मी वाचीन. पण हा बुधवारच्या आत पोचू दे, दादासाठी. आणि एक, पोस्टानेच पाठव. स्वतः आणून देऊ नकोस. तू दारात उभी राहिलीस तर तो कागद त्याच क्षणी खोटा ठरेल, आणि मी असा आहे की दादाला विसरून, तो खोटा ठरला म्हणून आनंदाने नाचेन.

तुझाच,
(हे तपासायला कोणी येत नाही, म्हणून लिहितोय)
दादाचा धाकटा