त्या रविवारची साक्ष

प्रिय कोमल,

तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तू उचलायच्या आत कापला. कोणता विषय घ्यावा, पेपर कुठं पाठवावा, असले सल्ले देताना माझी जीभ कधी थांबली नाही. आज मात्र फोनवर बोलणं जमत नाही. म्हणून हे पत्र गोरेगावच्या जीपवाल्या संतरामच्या हाती देतेय.

परवा हिंगोलीच्या बाजारात तुझी आई भेटली. माझा हात हातात घेऊन मंजुळाबाई म्हणाल्या, पोरगी तुमच्याच वाटेनं चालून राहिली ताई, आता मला कायची काळजी न्हाई. मी वरवर हसले. सकाळीच तुझा मेसेज आला होता. शनिवारी आपले पीएच.डी.चे गाइड सर तुला झाडांचे नमुने गोळा करायला गाडीतून नेणार आहेत, आणि बरोबर दुसरं कुणीच नाही.

कोमल, मलाही त्यांनी असंच नेलं होतं. पुसेगावच्या पुढं माळावर गाडी थांबवली, दारं लावली आणि मला जवळ ओढलं. कसाबसा हात सोडवून मी दार उघडलं आणि पळत सुटले. रस्त्याकडेला मेंढरं राखणाऱ्या चंद्रभागाबाई होत्या. त्यांनी काही न विचारता पाणी दिलं आणि जीप येईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या. त्यानंतर माझा प्रबंध चौदा महिने सरांच्या टेबलावर पडून होता. मी तोंड उघडत नाही याची खात्री पटली, तेव्हा सही झाली. आजही कॉलेजात त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी वर्गाचं दार आतून लावून घेते. पंधरा वर्षं शिकवणारी बाई, आणि ही तऱ्हा.

आपण लहानपणापासून ऐकत आलो, नम्र राहा, क्षमा करा. ते खरंच आहे, पण गप्प बसा असं प्रभूनं कुठं सांगितलं? त्यांचे मेसेज पुसू नकोस. तारखा लिहून ठेव. गाइड बदलण्यात वर्ष गेलं तर जाऊ दे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पदवी मिळाली त्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी मला साक्ष द्यायला, देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला पुढं बोलावलं. सगळ्या मंडळीनं माझ्यासाठी उपास केले होते, आणि आपल्यातली पीएच.डी. झालेली मी पहिली. खरं सांगितलं तर कुणी लेकीला पुढं शिकवणार नाही, या धास्तीनं मी देवाचे आभार मानले आणि सरांचेही. ते मला बापासारखे आहेत, असं मी म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. तू तेव्हा नववीत होतीस, पुढच्या सतरंजीवर बसलेली. त्या दिवशी तू यांच्याकडेच शिकायचं म्हणून गीतपुस्तकाच्या शेवटच्या पानावर सरांचं नाव लिहून ठेवलंस, हे मला परवा मंजुळाबाईंकडून कळलं. शनिवारी त्या गाडीत बसू नकोस. सरांच्या आधी मी गोरेगावच्या स्टँडवर येते. रविवारी मी साक्षीसाठी वेळ मागितलाय. पाळकांना वाटतंय, माझ्या बढतीचे आभार मानायचे असतील. मला फार भीती वाटतेय, कोमल. तू पुढच्याच सतरंजीवर बस.

तुझीच,
रागिणीताई