कॅपच्या दाढेने पारखलेले बी

मी, बयनाबाई ग्यानबा ढगे, वय ७८, राहणार मौजे सावरगाव, मंडल बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, हा कागद राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. एक कान गेला आहे, पण ज्यांना ओरडायची सवय आहे त्यांचे सारे ऐकू येते. अक्षर गावच्या नागसेन गुरुजींचे, बोल माझे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असे कोणी म्हटले तर ते खोटे समजावे.

१. कापसाची जमीन, पट्टा माझ्या नावे, मुलगा जीवन याला मिळावी. तोच ती कसतो, त्यात वाद नाही.

२. राहते घर जीवन आणि सून सुवर्णा या दोघांच्या नावे व्हावे. एकट्या जीवनच्या नावे करू नये. भांडण झाले की तो "घर माझं हाय" म्हणतो. ते आता बंद.

३. सोन्याच्या पाटल्या आणि बँकेत जे असेल ते लेक पूनमला.

४. बियाच्या ज्वारीची कणगी, सूप आणि बी पारखण्याचा मान सुवर्णाला. या कलमासाठीच हा सारा खटाटोप आहे. गुरुजी म्हणाले, एवढे सविस्तर मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणाले, बसवा.

आमच्या गावात बियाची ज्वारी कणगीत भरून तोंड लिंपण्याआधी दाणा दाढेखाली धरून पाहतात. कट्कन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. ओली ज्वारी लिंपली की बुरशी धरते आणि पेरून काही उगवत नाही. हे काम सासूबाईंनंतर माझ्याकडे आले. लोक आपापल्या घरची मूठभर ज्वारी घेऊन माझ्या दारी येत.

मग माझी तीच दाढ किडली. घरचे म्हणाले, उपटून टाक. आदिलाबादच्या डॉ. प्रियदर्शनी यांनी नस काढून तिच्यावर धातूची कॅप बसवली. माझे दीर लक्ष्मणराव यांनी पारावर बसून जाहीर केले, "वैनीची दाढ मेली. मेल्या दाढेनं पारखलेलं बी उगवन काय?" त्या साली कोणीही माझ्या दारी आले नाही. मला फार लागले. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

डॉक्टरीणबाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "नस गेली तरी मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो. चावल्याचा दाब तिथंच कळतो." दोन गोष्टी बजावल्या: दाणा एका वेळी एकच, आणि कॅपच्या काठाशी, हिरडीलगत रोज नीट घासायचे, कारण कॅपला कीड लागत नसली तरी तिच्या खालच्या दाताला लागते. मी घरची ज्वारी त्याच दाढेने पारखली आणि लिंपली. पेरणीनंतर शेत असे उगवले की लोक धुऱ्या-बांधावर थांबून बघत. पुढच्या साली सारे निमूट परत आले.

लक्ष्मणरावांनीही पुढे कॅप बसवली आणि घासणे सोडले. "लोखंडाले कीड लागते काय?" म्हणायचे. पाच वर्षांत कॅप दातासकट हातात आली. माझी चोवीस वर्षे टिकली. मागल्या साली ती निघाली तेव्हा सारे म्हणाले, आता पुरे. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पाहिला. दाढ घट्ट, मूळ निरोगी. नवी कॅप बसली. त्या दिवशी मी येताना फुटाणे आणले आणि लक्ष्मणरावांच्या ओट्यावर बसून खाल्ले. दुसऱ्या बाजूने खाल्ले, पण ते त्यांना सांगितले नाही.

सुवर्णाला मी पारखणे शिकवले, पण यंदा तिच्याही दाढेवर कॅप बसली आहे. तेव्हापासून ती बियाला हात लावत नाही. "गाव हासन," म्हणते. हा मान माझ्याबरोबर सरणावर जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

५. लक्ष्मणरावांना काही देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असे गुरुजी म्हणतात. बरेच झाले.

६. सह्या होण्याआधी घडलेली हकीकत. कागद वाचून झाल्यावर लक्ष्मणराव म्हणाले, "वैनी, सारं बराबर हाय, पन चौथं कलम काढा. नाई तं मी सही नाई करत."

मी म्हणाले, "नाई काढत."

तेव्हा त्यांनी उपरण्याच्या दोन गाठी सोडल्या. दोन्हींत ज्वारी, दिसायला सारखीच. ती त्यांनी सुवर्णापुढे सरकवली. सुवर्णाने माझ्याकडे पाहिले. तिने एका गाठीतला दाणा कॅपखाली धरला, मग दुसरीतला.

"काकाजी, ही लिंपा. ही वली हाय. वल्या फडक्यात ठेवली व्हती काय? दोन उनं दाखवा हिले."

लक्ष्मणराव हसू लागले. "म्याच ठेवली व्हती! तुले पारखाची व्हती, सूनबाई. उद्या आमच्या घरची सारी ज्वारी आनतो. गुरुजी, द्या पेन."

चौथे कलम लिहिले तसे कायम. हे लिहून होत असताना शेजारच्या मनकर्णाबाई पदरात ज्वारी घेऊन दारात आल्या. मी समोरच बसले होते. त्यांनी मला विचारले नाही. सुवर्णाला हाक मारली.

माझ्या पश्चात वरीलप्रमाणे अंमल व्हावा. मी समाधानाने सही करते.

ठिकाण: मौजे सावरगाव
दिनांक: ९ मार्च २०२५

सही: बयनाबाई ग्यानबा ढगे

साक्षीदार:
१. लक्ष्मणराव ढगे (चौथ्या कलमासह मंजूर)
२. नागसेन गुरुजी, लिहिणार