आमच्या जहाजानं काहीच बुडवलं न्हाई

मुंबई, ४ जानेवारी १९७२

तीर्थरूप बाबांस, जळबाचा सविनय जयभीम.

मी खुशाल हाय. येत्या २६ जानेवारीला शिरड शहापूरच्या शाळेत माझा सत्कार ठेवला, हे तुमच्या पत्रात वाचून लई राग आला. आमी दुश्मनाचं जहाज बुडवलं, असं काहून सांगितलं गावात?

बाबा, आमची विनाशिका इंग्रजांच्या काळातली, माझ्याहून वयानं मोठी. साऱ्या लढाईत तिनं तेलाच्या जहाजांची राखण केली. तोफ एकदाबी उडवली न्हाई. मी तर खाली बॉयलरपाशी, मला समुद्रबी दिसला न्हाई.

सहाव्या दिवशी बॉयलरची नळी फुटली अन् जहाज भर समुद्रात थांबलं. आमचे चीफसाहेब म्हणले, "थंड व्हायची वाट पाहिली तर पाणबुडी गाठंल. आत कोण जातं?"

ओली पोती गुंडाळून मी गेलो अन् नळीला बूच ठोकलं. चार घंट्यांनी जहाज हाललं. उजवा हात जरा भाजला, म्हणून डाव्यानं लिहून राहिलो. आईला सांगू नका. तिचा खोकला कमी हाय का? सिद्धेश्वरच्या कालव्याला पाणी सुटलं का?

पेपरात दुसऱ्या जहाजांची नावं आली, आमचं न्हाई. आता म्हणं आमच्या विनाशिकेला भंगारात काढणार.

हेडमास्तरांना सत्कार नको म्हणा. न्हाईच ऐकलं तर खरं तेवढं सांगा. जहाजावर अडीचशे माणसं होती, अन् अडीचशेच्या अडीचशे घरी आली.

तुमच्या पायाशी,
जळबा