चौथ्या मजल्यापर्यंतचं दृश्य

३ डिसेंबर २०२५, सकाळ

आजपासून दोन वह्या. निळी डॉक्टरांची, ही माझी.

निळीत रोज लिहायचं: किती खोकलो, किती मजले चढलो, कुठं थांबलो, औषधाला किती गेले. जानेवारीत ती वही टक्के समितीपुढे जाणार. माणूस किती टक्के आजारी आहे ते समिती ठरवते. टक्के पुरेसे पडले की श्वासाचा पंप फुकट, वर पेन्शनमध्ये थोडी भर.

मी आजारी नाही. सव्वीस वर्षं पेर्निकच्या कोळसा खाणीत काढली. दमबिम लागायला आम्ही काय राजधानीतले, सोफियाचे कारकून? डॉक्टर म्हणाले, रांगेल, तुमच्या छातीतल्या नळ्या आवळल्यात, हे दुखणं आता कायमचं. मी म्हटलं, त्रेसष्टाव्या वर्षी कोणाचं काय सैल राहतं?

पण टक्के हवेत. पंपांचे निम्मे पैसे विमा फंड देतो, निम्मे माझी बायको. महिन्याला चौऱ्याहत्तर लेव्हा. त्यापायी व्हर्गिनियाने दातांचं काम पुढं ढकललंय. उजवीकडचे तीन. मार्चपासून डावीकडूनच जेवते. म्हणजे मी जे करतोय ते तिच्या दातांसाठी.

योजना: निळ्या वहीत आजारी पडायचं. इथं खरं लिहायचं.

सिगारेटी: दोन. (तिसरी माझ्या दोस्ताची, मेतोदीची होती. ती त्याच्या हिशेबात.)

जिने: चार मजले, लिफ्टशिवाय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर थांबलो, बाहेरचं दृश्य बघायला. डोंगरावर पहिला बर्फ.

९ डिसेंबर

डॉक्टरांनी फॉर्म दिला. आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच. शून्य म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे गेला. मी सगळीकडे पाचाला गोल केला. चाळीसपैकी चाळीस. थोडं जास्त झालं का?

खरी उत्तरं इथं.

खोकला: फक्त सकाळी. आणि जेवल्यावर. आणि हसलो तर. म्हणून हल्ली हसत नाही, वयाला शोभत नाही.

झोप: उत्तम. खुर्चीत बसून झोपतो, कारण खुर्चीतून टीव्ही नीट दिसतो.

घरातली कामं: सगळी करतो. बुटांच्या नाड्या तेवढ्या व्हर्गिनिया बांधते. तिच्या गाठी चांगल्या बसतात.

जिने: दृश्य बघतो. आज बायको पिशव्या घेऊन मागून आली, म्हणाली, काय रे, इथं काय करतोयस? म्हटलं, दृश्य बघतोय. म्हणाली, कुठलं दृश्य? बाईला सौंदर्यदृष्टी म्हणून नाहीच.

१२ डिसेंबर

फुंकायची टेस्ट. नाकाला चिमटा, तोंडात नळी. झोर्नित्सा नावाची नर्स आहे, दिसायला नाजूक, पण खाणीतल्या मुकादमासारखी ओरडते. फुंका काका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!

मी ठरवून निम्म्या जोराने फुंकलं. चेहरा मात्र पूर्ण जोराचा केला. मी जन्मजात नट आहे, हे वेळेवर कळलं असतं तर खाणीत गेलोच नसतो.

मशीन म्हणालं, छातीची ताकद ४४ टक्के.

झोर्नित्सा कागद बघत राहिली. म्हणाली, काका, तीन वेळा फुंकलंत आणि तिन्ही वेळा वेगळं. नाटक करताय. मी म्हटलं, बाई, मी मरतोय. म्हणाली, मरणारी माणसं एकसारखं फुंकतात. बारा जानेवारीला परत या. तेव्हा जुळलं नाही, तर समितीला सरळ लिहून पाठवीन की हा माणूस चेष्टा करतो.

मुद्दा असा, की मी निम्म्याने फुंकून ४४ आणले. म्हणजे खरे किती? अठ्ठ्याऐंशी. गणित आहे.

२० डिसेंबर

चौदा जानेवारीला सुर्वाचा सण. गावात आमचा जथा घरोघर फिरणार. अंगावर कातडी, डोक्यावर हातभर उंच मुखवटा, कमरेला घंटा. अंगणात उड्या मारायच्या, घंटांनी कानठळ्या बसवायच्या, वर्षाची पीडा पळवून लावायची. एकोणचाळीस वर्षं जथ्याच्या पुढं मी आहे. यंदा चाळिसावं.

अडचण एकच. कागदावर आजारी माणूस अंगणात उड्या मारताना दिसला तर? पण मुखवटा कशासाठी असतो? आत कोण आहे ते ओळखायचं नाही, असा रिवाजच आहे. आपल्या पूर्वजांनी टक्के समितीचा विचार आधीच करून ठेवलाय.

तळघरातून घंटा वर आणायला घेतल्या. एकूण अठ्ठावीस किलो. आज एक आणली. रोज एकच आणणार. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको.

२४ डिसेंबर

नाताळची आदली संध्याकाळ. व्हर्गिनियाने मांसाशिवायचे सात पदार्थ केले. जेवणानंतर प्रत्येकाने आपला अक्रोड फोडायचा. आत गर चांगला निघाला तर वर्षभर तब्येत चांगली.

माझा काळा निघाला.

अक्रोड मेतोदीच्या झाडाचे. त्याचं झाड पहिल्यापासूनच बेभरवशाचं. दुसरा फोडला, तोही किडका. सातवा चांगला निघाला. सातवाच माझा होता, आधीचे सहा चुकून हातात आले.

व्हर्गिनियाचा पहिल्याच झटक्यात पांढराशुभ्र. तिने तो मला दिला. म्हणाली, तू खा, मला चावत नाही.

खाल्ला. छान होता.

१ जानेवारी २०२६

लेव्हा गेला, युरो आला. पंपांचे चौऱ्याहत्तर होते, ते सदतीस झाले. खर्च निम्म्यावर! व्हर्गिनियाला सांगितलं, आता दातांचं बघून टाक. म्हणाली, अरे बाबा, पेन्शनही निम्मी झाली. मी म्हटलं, तू नेहमी वाईट तेच बघतेस.

संकल्प: सिगारेट बंद.

संध्याकाळ: पाकिटाचीही किंमत निम्मी झालीये. हे सरकारचं आमिष आहे. एकच ओढली, निषेध म्हणून.

५ जानेवारी

मेतोदी आला. खाणीत वीस वर्षं माझा जोडीदार, जथ्यात अस्वल. एकशे दहा किलो, वेषाची गरज नाही. प्रत्येक घरात अस्वल विचारतं, इथं आजारी कोण? जो असेल त्याने अंगणात पालथं पडायचं, अस्वल त्याच्या पाठीवरून पाय देऊन जातं. दुखणं चिरडलं जातं. मेतोदीने पाय दिलेली म्हातारी परत तक्रार करत नाही.

राकियाचा दुसरा ग्लास झाल्यावर म्हणाला, रांगेल्या, लेका, यंदा तू पाद्री हो. पाद्रीला फक्त पाणी शिंपडायचं असतं. घंटा माझ्या जावयाला बांधू.

जावई सोफियात बँकेत आहे! एसीत बसतो!

मी म्हटलं, का? म्हणाला, तुझी शिट्टी वाजते. मी म्हटलं, कुठं वाजते? म्हणाला, आत्ता वाजतेय. दोघं गप्प बसून ऐकत राहिलो. खिडकी नीट लागत नाही आमची, वारा येतो. तसं त्याला सांगितलं.

म्हणाला, तुझी मर्जी. पण अंगणात पडलास तर मी उचलणार नाही हां, माझी कंबर गेलीय.

घंटा: सहापैकी चार वर आल्या. व्हर्गिनियाने आणल्या. मी देखरेख केली.

१२ जानेवारी, बसमध्ये

मोठा पेच. नाटक केलं तर जुळणार नाही, झोर्नित्सा चेष्टेखोर म्हणून लिहिणार. खरं फुंकलं तर अठ्ठ्याऐंशी येणार, टक्के गेले, पंप गेले, दात गेले.

सकाळी व्हर्गिनियाची आगाऊ माफी मागितली. म्हटलं, आज मी ठणठणीत निघेन, त्याला माझा इलाज नाही. ती माझ्या नाड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, बरं.

ठरलं. पूर्ण जोर. माणसाने एकदा तरी आपली खरी ताकद दाखवावी.

त्याच दिवशी, दुपार

फुंकलं. सव्वीस वर्षांची खाण, चाळीस वर्षांच्या घंटा, सगळं त्या नळीत घातलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. झोर्नित्साने खांद्याला धरलं. तीन वेळा फुंकलं. तिन्ही वेळा अगदी एकसारखं.

३८.

मी विचारलं, हे युरोत का?

झोर्नित्सा हसली नाही. पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, काका, मागच्या वेळी नाटक करताना जास्त चांगलं फुंकलं होतंत.

ओरडणारी बाई हळू बोलली की बरं वाटत नाही.

मशीन अशक्त लोकांसाठी बनवलेलं आहे. जोराचं फुंकलं की बिघडतं. डॉक्टरांना सांगायला हवं. सांगितलं नाही.

सिगारेटी: शून्य. पाकीट बसमध्ये विसरलं असावं.

१४ जानेवारी

गाव. उणे सहा. सकाळी व्हर्गिनियाने घंटा बांधल्या. पट्टा आवळताना म्हणाली, रांगेल, नको. मी म्हटलं, चाळिसावं आहे. तिने एक पंप माझ्या कातड्याच्या खिशात टाकला.

पहिलं घर पेना आजीचं, चढावर. तिथपर्यंत पोचलो, हे आधी लिहून ठेवतो. पोचलो.

अंगणात वीस जणांनी उड्या मारायला सुरुवात केली. मी तीन मारल्या. तिन्ही उत्तम. मग मुखवट्यात हवाच येईना. मुखवटा करणाऱ्याने भोकं लहान ठेवलीत. मीच केलाय, ब्याऐंशी साली. तेव्हा पुरायची.

थांबलो. मी थांबलो तर घंटाही थांबल्या. बाकीच्यांनाही थांबावं लागलं, पुढचा थांबला की थांबायचं असतं. सगळं अंगण गप्प. त्या शांततेत एक बारीक आवाज. तिथं खिडकी नव्हती.

रिवाजाप्रमाणे अस्वल पुढं आलं, गुरगुरलं, या घरात आजारी कोण?

पेना आजी, वय नव्वद, म्हणाली, आमच्यात सगळे धडधाकट आहेत रे. तुमच्यातच तो पुढचा शिट्टी मारतोय. रांगेलच ना तो? त्याला घे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी स्वतःहून पडलो. म्हणजे गुडघे आधी गेले, मग मी ठरवलं. बर्फात पालथा, पाठीवर कातडं, कमरेला अठ्ठावीस किलो. मेतोदीने माझा मुखवटा काढला, पंप तोंडाला लावला. मग पाठीवर पाय ठेवला. एकशे दहा किलोचा माणूस, पण मांजर चालल्यासारखा. वजन टाकलंच नाही त्याने. वरून नाक ओढण्याचा आवाज येत होता. सर्दी असेल. कातड्यात घाम येतो, मग गार वारा लागतो.

मग त्यानेच उचललं. कंबर गेलेल्या माणसाने.

घंटा जावयाला बांधल्या. उसन्या दिल्यात. नाचतो बरा. बँकेत काम करूनही.

२० जानेवारी

समिती झाली. निळी वही त्यांनी उघडलीच नाही. झोर्नित्साचा कागद पुरला. मला तिघांपुढे एकदा उठून दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. गेलो, आलो. मधला डॉक्टर म्हणाला, बसा, बसा, पुरे.

ऐंशी टक्के. शाळेत कधी इतके पडले नव्हते.

पंप फुकट. व्हर्गिनियाला दातांसाठी गुरुवारची वेळ मिळाली. योजना यशस्वी. एकही खोटं बोलावं लागलं नाही.

घरी येताना दोघं बरोबर चढलो. दुसऱ्या मजल्यावर मी थांबलो. तीही थांबली. पिशवी खाली ठेवली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी बघतो तिकडेच बघायला लागली. बराच वेळ. मग म्हणाली, आज बर्फ कमी दिसतोय डोंगरावर.

मी म्हटलं, हो, कमी आहे.

तिसऱ्या मजल्यावर परत थांबलो. म्हणाली, इथून जास्त छान दिसतं.

जिने: चार. थांबलो: दोनदा.

दुसरा मजला: भिंत. तिसरा मजला: भिंत, विजेचे मीटर. आमच्या जिन्याला खिडकी नाही. कधीच नव्हती.