पालथी कुंडी

सोलापूर, चैत्रातला मंगळवार, संध्याकाळ

रेल्वेच्या मालधक्क्यावर डुकरवाल्या यल्लाप्पाची सात डुकरं घटसर्पानं मेली. उरलेली, करमाळ्याच्या कळपासकट, मी मारायला लावली. त्यांना पुण्याला न्यायची वॅगन तीन दिवस उशिरा आली, त्याला मी काय करणार? पण कोंडवाड्यातली पाण्याची दगडी कुंडी मीच पालथी घालायला लावली होती. पाणी प्यायली की वॅगन घाण करतात, म्हणून इथली रीतच आहे ती. पण एका दिवसाची. तीन दिवसांची नव्हे.

शिवाय पाय बांधून गाडीतून आणलेला तो करमाळ्याचा कळप मी त्याच कोंडवाड्यात घुसवला. यल्लाप्पा म्हणाला होता, "डाक्टरसायब, ती खोकत्यात. माझी येगळी ऱ्हाऊ द्या की." मी म्हटलं, "तू मला शिकवणार?"

निरोगी डुकराच्या घशातही घटसर्पाचा जंतू निजलेला असतो. तहान, दगदग, दाटी झाली की उठतो. गुरांच्या डॉक्टरीच्या परीक्षेत मी हे फार छान लिहिलं होतं.

दुपारी यल्लाप्पानं विचारलं, "सायब, माजं कुटं चुकलं?" मी सांगितलं, "तू त्यांना घाणीत वाढवलंस." त्यानं मान हलवली. त्याला पटलं. त्याला पटलं याचंच मला बरं वाटलं, हे निदान इथं तरी लिहितो. अहवालात मात्र घाणच लिहिली.

उद्या मोठे साहेब पाहणीला येणार. निघताना कुंडी सुलटी केली, काठोकाठ भरून घेतली. प्यायला आत कुणी उरलं नव्हतं.