प्राप्तीची हार्ड डिस्क

प्रिय प्राप्ती,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत धरतो, पण गेल्या आठवड्यातच ती बचत गटाच्या बायांबरोबर पेणला जाऊन आली. मी लिहायला बसलोय हे तिला माहीत नाही. तीन वर्षं तुझ्याशी एक शब्द बोललो नाही आणि आता एकदम चार पानं, हे माझं मलाच विचित्र वाटतंय. तुझा नंबर आहे माझ्याकडे, आईच्या मोबाईलमधून उतरवून घेतलेला. पण रेवस बंदरावर लाँचच्या तिकीट खिडकीत एकतीस वर्षं गेली. तिथे माणसाशी बोलायचं म्हणजे 'किती जण?' आणि 'पुढे सरका'. फोनवर तुझा आवाज ऐकून मी तेवढंच बोललो असतो.

तुझ्या हार्ड डिस्कबद्दल सांगायचं आहे. तू गेलीस तेव्हा एकच बॅग नेलीस. तुझा जुना लॅपटॉप आणि आईने विणलेल्या लोकरीच्या पिशवीतली ती डिस्क, दोन्ही कपाटात तुझ्या ड्रेसखाली राहिली. वर्षभर मी त्या कपाटाला हात लावला नाही. मग एका दिवाळीत झाडलोट करताना लॅपटॉप हाताला लागला. चालतो का बघावं म्हणून चालू केला, डिस्क जोडली. आत अकरा फोल्डर, अकरा बायांची नावं. आपल्या खारेपाटात लग्न लागताना धवले गातात त्या धवलारणी. चार वर्षं त्यांच्या ओटीवर बसून तू जमवलेलं सगळं. हळदीची गाणी गोळा करून कुणाचं पोट भरलंय, असं तुला ऐकवणारा मी, पहिल्याच दिवशी दोन तास कानाला लावून बसलो.

मग ते रोजचंच झालं. दुपारी दोनला आई गटाच्या खोलीवर पापड लाटायला जायची. ती वळणावर गेली की मी लॅपटॉप काढायचो आणि ती चारला परत यायच्या आत डिस्क उपटून, पिशवीत घालून, जशीच्या तशी ड्रेसखाली ठेवायचो. पोरीचं नाव या घरात काढायचं नाही, असं मीच तिला बजावलेलं. आता कुठल्या तोंडाने तिच्यासमोर ऐकत बसणार?

रोज लावायची, रोज काढायची. जवळजवळ दोन वर्षं. उजवीकडच्या पोर्टमध्ये तुझ्याच हातून चहा सांडला होता, ते तेव्हापासून बंदच. डावीकडचं या ओढाताणीत ढिलं झालं. डिस्कचा दिवा लागायचा आणि मधेच विझायचा, गाणं अर्ध्यावर तुटायचं. केबल जरा उचलून धरली की चालायचं, म्हणून तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायला लागलो. एक दिवस पुठ्ठ्यालाही दाद देईना, तेव्हा दोन्ही घेऊन अलिबागला गणराजकडे गेलो. एसटी स्टँडमागे त्याचं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पोरगा हुशार. त्याने पोर्टमध्ये बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे सैल झालंय. डिस्कला करंट पुरत नाही, सारखी तुटते. अशी तुटत राहिली तर आतलं सगळं जाईल. दोन दिवस ठेवून जा, मी पहिलं सगळं दुसरीकडे कॉपी करतो."

मी ठेवली नाही. दोन दिवसांत आईने कपाट उघडलं तर विचारील, एवढंच माझ्या डोक्यात. सध्या साफ करून दे म्हटलं. त्याने ब्रश फिरवला, एक आखूड केबल दिली आणि समजावलं, की डिस्क तपासू का असं विचारणारी चौकट आली तर हो म्हणा. ती चौकट रोज यायला लागली. रोज मी हो म्हणायचो आणि मग फोल्डर उघडायचे.

गौरी-गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आली ती चौकट वेगळी होती. इंग्रजी मला वाचता येतं, पोरी. मी वाचलं नाही. बोट सवयीने गेलं. त्याने पुन्हा एकदा विचारलं, नक्की का, सगळं पुसलं जाईल. त्यालाही हो म्हटलं. फोल्डरची खिडकी उघडली आणि आत काहीच नव्हतं, पांढरं. मी केबल हलवली, पुठ्ठा सरळ केला, दहा वेळा काढून लावली. मला वाटत होतं की पुन्हा करंट कमी पडतोय.

गणराजने दोनदा काढून लावून बघितलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही फॉरमॅट केलंत." त्याने आपल्या मशिनला लावून चार दिवस खटपट केली. नंतर वाशीला एक जण असलं काम करतो म्हणून मी स्वतः तिकडे गेलो. तीन आठवड्यांनी डिस्क परत आली. नावं सगळी परत आली आहेत, आवाज आले नाहीत. 'गोदू आजी हळद १', 'गोदू आजी हळद २' असं नीट वाचता येतं. लावलं की तेलात मोहरी तडतडावी तसं काहीतरी वाजतं आणि थांबतं.

ती यादी मी वहीत उतरवली आणि मोबाईल घेऊन गावोगाव फिरलो. अकरांतल्या सात गेल्या. दोघींनी आठवेल तेवढं गायलं. भिकूच्या आईने दोन ओळी म्हटल्या आणि अडकली. मी म्हटलं, आठवा ना. तर मलाच म्हणते, "तुजी पोर इचारायची तवा आपसूक तोंडात यायचं. तू निस्ता मोबाईल धरून बसलायस. पोरीला घेऊन ये, मंग गाईन." मी हो म्हणून उठलो.

शेवटी गोदू आजीकडे गेलो. मुद्दामच शेवटी. तिला वर्षापूर्वी झटका आला, तू ऐकलं असशील. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला तिने ओळखलं आणि डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं. तुला एक गोष्ट माहीत नाही. तुझं आणि हर्षदचं लग्न अलिबागला रजिस्टर झालं, त्याच्या आदल्या दिवशी ही बाई काठी टेकत आपल्या दारी आली होती. म्हणाली, "रजिस्टर तर रजिस्टर. मी हाफिसाच्या पायरीवर बसून पोरीचा धवला गाते. तिनं आमची एवढी गाणी लिवली, तिच्याच लग्नात कुणी गायचं न्हाय व्हय?" मी तिला दारातूनच परत पाठवलं. तिकडे जायचं असेल तर माझ्याशी संबंध तोडून जा, असं तिला म्हटलं. ती गेली नाही. तू त्या दिवशी पायरीवर कुणाची तरी वाट पाहत होतीस, असं तुझी आई एकदा रडताना बोलली होती. गोदू आजीची असेल तर ती माझ्यामुळे आली नाही. माझी असेल, तर मीही आलो नाही.

आता खरं ते लिहितो. मी गाणी ऐकत नव्हतो. धवले मला लहानपणापासून पाठ आहेत, माझी आई लग्नाची हळद वाटताना गायची, तेव्हा ऐकलेले. गाणं सुरू झालं की मी पुढे ढकलायचो. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तू बोलतेस. तारीख सांगतेस, गावाचं नाव सांगतेस, मग "हां आजी, करा सुरू". कुठे हसतेस, कुठे खोकतेस, एकदा कुत्र्याला हाकलतेस. एका ठिकाणी गोदू आजी विचारते, बापूस काय म्हणतो तुजा? आणि तू म्हणतेस, "बाबा काही म्हणत नाहीत आजी, पण मी अभ्यासाला बसले की टीव्हीचा आवाज कमी करतात." एवढंच. मी ते मागे घेऊन पुन्हा लावायचो, आणि पुन्हा. डिस्क पुसली गेली त्या दुपारीही मला तेच ऐकायचं होतं, म्हणून घाई झाली.

परवा तुझा आईला फोन आला. विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला, गाईड मॅडमना रेकॉर्डिंग हवीत, रविवारी सकाळच्या लाँचने येऊन डिस्क घेऊन जाते. आईने त्याच दिवशी गाद्या उन्हात टाकल्या. तुला खरं सांगतो, दोन दिवस मी विचार केला की गप्प राहावं. तू येशील, ओटीवर बसशील, चहा घेशील. लॅपटॉप उघडेपर्यंत तासभर तरी तू घरात असशील. तीन वर्षांत मला तो एक तास कुठून मिळणार होता? पण एकदा हट्टाने तुला घालवली, आता फसवून आणायची म्हणजे फारच झालं. म्हणून हे पत्र आणि डिस्क आजच्या कुरियरने पाठवतोय, शुक्रवारपर्यंत मिळेल. यादीची वही आणि दोघी बायांचं जेवढं मिळालं तेवढं एका पेन ड्राइव्हवर सोबत आहे. लॅपटॉप गणराजने ठेवून घेतलाय, तुझी कागदपत्रं निघाली तर काढून देईल. म्हणजे रविवारी इथे येऊन न्यावं असं आता काही उरलेलं नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझा फोन आला नाही, तर तू येत नाहीस असं समजून तिला सगळं सांगेन.

तुझाच,
बाबा