तुझ्या आवाजाची नर्स

भांडकुदळे,

आई गेल्याचं तुला कळलंच असेल. ती माझ्यामुळे गेली, हे मात्र घरात कुणालाच माहीत नाही.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हॉस्पिटलात तिच्याजवळ बसायला खाजगी नर्स ठेवायचं ठरलं. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉलेज सोडल्यापासून घरात रिकामा मीच. एजन्सीने दोघी पाठवल्या. पहिल्या वयस्कर मावशींनी प्रश्नांचा भडिमार केला. “गिळताना ठसका लागतो का? पाणी घट्ट करून देता ना?”

मी भडकलो. “पाणी कुणी घट्ट करतं का? मला अक्कल शिकवू नका!”

“बरं बाबा, तूच डॉक्टर,” म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

दुसरीने काहीच विचारलं नाही. नुसतं “चालेल की” म्हणाली, आणि आवाज हुबेहूब तुझा. मी तिथल्या तिथे तिलाच ठरवलं.

आई हसून जड जिभेने म्हणाली, “नर्स आणलीस की सून?”

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीने आईच्या ओठांना साध्या पाण्याचा पेला लावला. “प्या ना, आई,” असं ती म्हणत होती आणि मी पडद्याआड डोळे मिटून ऐकत होतो. मग ठसका लागला. पाणी फुफ्फुसात गेलं. भुकटी घालून घट्ट करूनच द्यायचं होतं, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत आई गेली.

काल, आपण भांडून वेगळे झाल्यावर वर्षभराने, तुझा फोन आला. “कसा आहेस रे?” एवढंच तू म्हणालीस आणि मी फोन ठेवला. रागाने नाही गं. तू बोलायला लागलीस की आई पाणी प्यायला लागते.

पुन्हा फोन करू नकोस.

अजूनही तुझाच,
तिरसट